लेगसी, बाबा आणि चार शॉक

(मंडळाच्या श्रावण मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना हातवारे फार होते. ते छापता येत नाहीत, म्हणून काही वाक्यं नव्याने जोडली आहेत.)



कार्यकारिणीतून फोन आला तेव्हा मला वाटलं, पुन्हा कुणाचा तरी लॅपटॉप हळू चालतोय. आपल्या मंडळात माझी ओळख तेवढीच आहे. पण या वेळी प्रकरण वेगळं होतं. आपल्या एका काकांच्या मुलाला नुकतंच रिस्ट्रिक्टेड लायसन्स मिळालंय आणि सुट्टीत काम करून साठवलेल्या पैशांतून त्याने २००१ची टोयोटा अल्टेझा घेतली आहे. आता त्याला ती खाली बसवायची आहे, म्हणजे स्प्रिंगा बदलून गाडी जमिनीच्या जवळ आणायची आहे. काकूंचा विरोध, काकांचं मौन आणि मुलाचा हट्ट असं ते त्रांगडं. काका मला म्हणाले, "तू हा उद्योग एकदा करून बसला आहेस ना, मग सगळ्यांसमोरच बोल." तेव्हा मी इथे तज्ज्ञ म्हणून उभा नाही. शिक्षण कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं, पोट कन्सल्टिंगवर. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' या म्हणीतला मी पुढचा आहे, एवढीच माझी पात्रता.

माझी गाडी १९९९ची सुबारू लेगसी, स्टेशन वॅगन. जपानमध्ये आधीच बरीच फिरलेली आणि मी २०१७ साली ऑकलंडमध्ये घेतली तेव्हा दोन लाख तीस हजार किलोमीटर झालेली. आमच्या धंद्यात 'लेगसी' म्हणजे जुनी, कुणी हात लावायला धजत नाही अशी, पण जिच्यावर सगळा कारभार चालतो अशी सिस्टीम. दिवसभर ऑफिसात लेगसीशी झटायचं आणि संध्याकाळी लेगसीतच बसून घरी यायचं, हा विनोद मी इतक्यांदा केला आहे की बायको आता माझ्याआधीच हसते.

गाडी उत्तम होती, पण चालताना होडीसारखी वाटायची. वळणावर कलायची, ब्रेक दाबला की नाक खुपसायची, स्पीड हंपवरून उतरल्यावर दोन-तीनदा हिंदकळायची. मी निदान केलं, सस्पेन्शन मऊ आहे. उपायही मीच ठरवला, ते कडक करायचं. फेब्रुवारी २०१९मध्ये मी वापरलेल्या कॉइलओव्हरचा एक सेट विकत घेतला. कॉइलओव्हर म्हणजे स्प्रिंग आणि शॉक एकत्र, आणि स्प्रिंगची खालची बैठक आट्यांवर फिरवून गाडीची उंची कमी-जास्त करता येते असा प्रकार. विकणारा म्हणाला, फारसा वापर नाही. एका मित्राच्या गॅरेजमध्ये दोन शनिवार घालवून आम्ही ते बसवले. गाडी चाळीस मिलिमीटर खाली आली. दिसायला अशी झकास, की मी दूध आणायला जाताना पार्किंगमध्ये दोनदा मागे वळून पाहत असे.

त्याच सुमाराला आई-बाबा पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. इथे बाबांची ओळख करून द्यायला हवी. बाबा एसटीत होते, दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर म्हणून एकतीस वर्षं. लाल डब्यांचे तुटलेले पाटे, वाकलेल्या धुरा, घासलेले बुश यांत आयुष्य गेलेला माणूस. मी इंजिनिअर झालो याचा त्यांना अभिमान आहे, फक्त कोणत्या गोष्टीचा इंजिनिअर हे त्यांना अजून नीटसं पटलेलं नाही.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही पाच जण कोरोमंडलला निघालो. मी, बायको, चार वर्षांचा मुलगा, आई आणि बाबा. मागे चार दिवसांचं सामान, कुकर, तांदळाची पिशवी, सगळं आलंच. कोपूपर्यंत ठीक होतं. आई फक्त "जरा जास्तच दणके बसतायत रे" म्हणाली. कोपूहून हिकुआईला जाणारा तो डोंगरातला रस्ता, स्टेट हायवे २५ए, तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. जानेवारी २०२३च्या पावसात जो खचला आणि डिसेंबर २०२३मध्ये नवा पूल बांधून पुन्हा उघडला, तोच. पाऊस रिपरिप चालू होता. एका उजव्या वळणावर, पिवळ्या पाटीवर लिहिलेल्या वेगापेक्षा मी जास्त नव्हतो, हे मी आजही शपथेवर सांगतो. वळणाच्या ऐन मध्यावर डांबराला एक लांबट खोलगा होता. मागची चाकं त्यात उतरली, खालून 'खाट्' असा आवाज आला आणि गाडीची मागची बाजू सरळ बाहेर सुटली. मी स्टिअरिंग उलट फिरवलं, ती परत आली, दुसऱ्या बाजूला झोकांडी गेली आणि मग सावरली. तेवढ्यात आम्ही मधली रेघ ओलांडून समोरच्या लेनमध्ये जाऊन आलो होतो. समोरून कुणी येत नव्हतं. पुढच्या वळणावर लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक भेटला.

गाडीत कुणीच काही बोललं नाही. मुलाला ती गंमत वाटली, तो म्हणाला, "बाबा, अगेन!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन बाहेर आलो तर बाबा गाडीपाशी उकिडवे बसले होते. बूट काढून ठेवलेले, एक हात टायरवर. त्यांनी माझा हात धरला आणि मागच्या टायरच्या आतल्या कडेवर फिरवला. रबर सपाट नव्हतं, लाटा लाटा होत्या, पन्हाळी पत्र्यासारख्या. "हे चाक रस्त्यावर चालत नाही, नाचतंय," ते म्हणाले. मग शॉकवरचं रबरी टोपण वर सरकवलं. आत सगळं तेलानं माखलेलं. "स्प्रिंग कडक आहे रे, पण शॉकप्सर मेलाय. दोन्ही मागचे." पुढे गाडीखाली डोकं घालून लोअर आर्मचा मागचा बुश दाखवला. अर्धा फाटलेला. म्हणजे गाडी मुळात होडीसारखी का वाटत होती, तर वीस वर्षांची रबरं आणि शॉक संपले होते म्हणून. मी ते तपासलंच नव्हतं. फाटलेला बुश तसाच ठेवून त्याच्यावर स्पोर्ट्स सस्पेन्शन चढवलं होतं. ऑफिसात एखाद्या ज्युनिअरने मूळ चूक न शोधता वरून नवा कोड थापला असता तर मी त्याला अर्धा तास सुनावलं असतं.

"आधी आहे ते नीट कर," बाबा म्हणाले आणि चहा प्यायले. विषय त्यांच्यापुरता संपला.

माझ्यापुरता संपला नाही. ऑकलंडला परतल्यावर मी वही-पेन्सिल घेऊन बसलो, कारण मला 'खाट्' का झालं ते समजून घ्यायचं होतं. थोडं गणित सांगतो, वडे गार होण्याच्या आत संपवतो.

स्प्रिंगचं काम गाडी उचलून धरणं. शॉकचं काम गाडी उचलून धरणं नाही, ही पहिली गोष्ट. झोपाळ्याला एकदा झोका दिला की तो स्वतःहून थांबत नाही, कुणीतरी पाय टेकवून थांबवावा लागतो. स्प्रिंग हा झोपाळा आणि शॉक म्हणजे तो टेकवलेला पाय. शॉकच्या आत तेल असतं, त्यातून पिस्टन बारीक भोकांवाटे ढकलला जातो आणि उडीची ताकद उष्णता होऊन निघून जाते. शॉक मेला म्हणजे पाय टेकवणारा कुणी उरला नाही.

आता धरा की गाडीच्या एका कोपऱ्यावर ३०० किलो वजन आहे. साध्या घरगुती गाडीला चाकाशी मोजलं तर मिलिमीटरमागे साधारण २ किलोची स्प्रिंग असते, म्हणजे ती आधीच १५० मिलिमीटर दबलेली आहे. चाकाखाली २५ मिलिमीटरचा खोलगा आला तर चाक खाली उतरतं, स्प्रिंग तेवढी मोकळी होते, आणि चाकावरचा भार ३००वरून २५०वर येतो. फार बिघडत नाही. माझ्या कॉइलओव्हरची स्प्रिंग होती ६ किलोची. ती ३०० किलोखाली दबते फक्त ५० मिलिमीटर. त्याच खोलग्यात भार ३००वरून १५०वर. अर्धा! आणि टायरची पकड भारावर अवलंबून. ओल्या रस्त्यावर अर्ध्या पकडीवर वळण घ्यायचं, म्हणजे काय होईल ते मी पाहून आलो होतो. रेसच्या ट्रॅकवर हीच स्प्रिंग चालते, कारण तिथे रस्ता तुकतुकीत असतो. आपल्याकडे चिपसील असतं. डांबर ओतून वर खडी दाबलेली, मध्येच ठिगळं, उन्हात डांबर वर येऊन झालेले गुळगुळीत काळे पट्टे.

शिवाय स्प्रिंग तिप्पट कडक केली तर तिला आवरायला शॉकही सुमारे पावणेदोन पट जोरदार हवा. वर्गमूळाचा हिशेब आहे, सोडून द्या. माझे तर मेलेले होते.

राहिला 'खाट्'. गाडी खाली बसवली म्हणजे चाकाला वर यायला जागा कमी उरते. त्यात मागच्या सीटवर आई-बाबा आणि डिकीत कुकर-तांदूळ, मागच्या प्रत्येक चाकावर शंभरेक किलो जादा. त्या खोलग्यातून वर येताना सस्पेन्शन थेट शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, बंप स्टॉपवर, जाऊन आपटलं. तो ठोकळा म्हणजे जवळजवळ स्प्रिंग नसल्यासारखंच. वळणात मागची बाजू अशी अचानक दगडासारखी झाली की मागचे टायर सुटतात. फोर व्हील ड्राइव्ह आहे, काही होत नाही, हा माझा आवडता समज तिथेच गळून पडला. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलतं, ते सुटलेला टायर रस्त्याला चिकटवत नाही. आणि माझ्या गाडीत घसरण सावरणारं इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलही नाही. आयात होणाऱ्या वापरलेल्या गाड्यांना ते इथे टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं, शेवटचा टप्पा मार्च २०२०चा. त्याआधी देशात येऊन पोचलेल्या जुन्या गाड्यांपैकी कित्येकींत ते नाही. अल्टेझावाल्या मित्रा, तुझ्या गाडीत आहे की नाही ते आज घरी गेल्यावर बघ.

एवढं झाल्यावर मी विम्याचे कागद काढले. गाडीत केलेले बदल कंपनीला कळवले पाहिजेत, असं त्यात साध्या इंग्रजीत लिहिलं होतं. मी कळवले नव्हते. आणि मुळात ते बदल कायदेशीरही नव्हते. इथला नियम थोडक्यात असा. शॉक बदलून त्याच बैठकीत सरळ बसणारे दुसरे शॉक घातले, बुश बदलले, तयार मिळणारा जाड स्वे बार बोल्ट करून लावला, तर सहसा वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. थोड्या कमी उंचीच्या स्प्रिंगाही चालतात, पण अटींवर. स्प्रिंग कापलेली किंवा तापवून बसवलेली नसावी, चाक पूर्ण लोंबकळलं तरी ती आपल्या बैठकीतून निसटू नये, जमिनीपासून १०० मिलिमीटर अंतर राहावं. आट्यांवर उंची बदलणारी बैठक आली, म्हणजे कॉइलओव्हर आले, की मात्र लो व्हॉल्यूम व्हेइकल सर्टिफिकेट लागतं. मान्यताप्राप्त सर्टिफायर गाडी तपासतो आणि मग एक छोटी धातूची पाटी गाडीवर लावली जाते. ती पाटी नसेल तर वॉरंट ऑफ फिटनेस मिळत नाही. २०१४ साली नियम बदलले तेव्हा २०००च्या आधी नोंदलेल्या गाड्यांना वॉरंट सहा महिन्यांचं ठेवलं होतं. माझी गाडी दोन महिन्यांनी या सवलतीला मुकली, त्यामुळे जूनमध्ये मी पकडला जाणारच होतो. पण जूनच्या आधी एप्रिल येतो.

जुनी अल्टेझा विकणाऱ्यानेच कॉइलओव्हर लावलेले असतील तर काय, असं मला आत येताना एकाने विचारलं. बॉनेट उघडा, पाटी शोधा आणि पाटीवर जे लिहिलंय तेच गाडीत आहे का ते पाहा. पाटी एका सेटची आणि गाडीत दुसराच सेट, असंही असतं.

इथे मला एका माणसाची आठवण काढायची आहे. क्रिस एमॉन. बुल्स गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. १९६६ साली ब्रूस मॅक्लॅरनच्या जोडीने त्याने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, फेरारीसाठी फॉर्म्युला वन चालवली. पण ९६ ग्रां प्रींमध्ये अजिंक्यपदाची एकही शर्यत त्याच्या नशिबी आली नाही. २०१६च्या ऑगस्टमध्ये तो गेला. तर रेसिंग सोडून शेतीकडे परतलेल्या या माणसाला १९८०च्या दशकात टोयोटा न्यूझीलंडने बोलावलं आणि इथे जुळवल्या जाणाऱ्या कोरोना-कोरोलांचं सस्पेन्शन इथल्या रस्त्यांसाठी त्याच्याकडून बसवून घेतलं. जाहिरातीतही तो होता, पण मला त्यातली गंमत अशी वाटते की फेरारी चालवलेल्या माणसाचं कसब बाजारहाटाच्या गाडीला लागलं. गाडी जपानची, पण तिचे शॉक कसे असावेत हे मनवाटूच्या खडबडीत रस्त्यावर ठरवायचं.

टोयोटाचा तो कारखाना कुठे होता? टेम्समध्ये. म्हणजे कोपूच्या शेजारीच, कोरोमंडलला जाताना आम्ही जिथे चहाला थांबलो होतो तिथे. १९९८ साली आयात कर शून्यावर आला आणि देशातली मोटार जुळणी बंद पडली. टोयोटाने मग त्याच ठिकाणी जपानहून आलेल्या वापरलेल्या गाड्या नीटनेटक्या करून विकायला सुरुवात केली. आपण सगळे त्यानंतरचे. आपल्या गाड्या थेट जपानच्या बाजारासाठी बनलेल्या, इथल्या रस्त्यांचा विचार त्यांच्या जन्माच्या वेळी कुणी केलेला नसतो. तो आपल्याला करावा लागतो. म्हणूनच मी सस्पेन्शन बदलूच नका असं म्हणत नाही. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीचं ते बदलावंच लागतं, प्रश्न कशासाठी आणि कुठून सुरू करायचं हा आहे.

आम्ही काय केलं ते सांगतो. आधी कॉइलओव्हर उतरवले. ते विकायला मन धजेना, म्हणून भंगारात दिले. बायकोने या निर्णयाचं जाहीर कौतुक केलं आणि मग किती पैसे गेले ते विचारलं. मूळ स्प्रिंगा सुदैवाने मित्राच्या गॅरेजात पडून होत्या. त्यांची उंची मोजली, चारही ठीक निघाल्या.

मग टायर. लोक शॉकवर हजार डॉलर घालतात आणि टायर सर्वांत स्वस्त घेतात, हे मला आता बघवत नाही. वॉरंटला दीड मिलिमीटर नक्षी चालते, पण पावसाळी ऑकलंडमध्ये तेवढ्यावर राहू नका. आणि हवा! दाराच्या चौकटीवरचा आकडा वाचून महिन्यातून एकदा हवा भरणे, यापेक्षा स्वस्त सस्पेन्शन अपग्रेड जगात नाही.

नंतर रबरं. पुढच्या लोअर आर्मचे बुश, स्वे बारचे बुश आणि लिंक, शॉकची वरची माउंट. पिवळे-लाल पॉलियुरेथेनचे बुश मिळतात, ऑस्ट्रेलियात व्हाइटलाइनसारख्या कंपन्या ते बनवतात. ते टिकतात आणि स्टिअरिंगला धार आणतात, पण रस्त्याची खरखर आत आणतात आणि वंगण कमी पडलं की पाळण्यासारखे करकरतात. मी घरच्या गाडीला रबरच घेतलं. एकट्याची गाडी असती तर निदान पुढे तरी पॉली घेतलं असतं. रबरी बुशबद्दल बाबांनी दाखवलेली एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण चांगल्या गॅरेजमध्येही ती राहून जाते. बुशचा बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचं वजन चाकांवर आल्यावर. जॅकवर लोंबकळत असताना आवळला तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि सहा महिन्यांत ते फाटतं. "पिळून ठेवलेलं रबर माणसासारखंच असतं," असं काहीतरी ते म्हणाले होते, पण ते गाडीखाली होते आणि पाना माझ्या हातात होता, त्यामुळे पुढचं ऐकू आलं नाही.

शेवटी शॉक. तीन वाटा होत्या. एक, मूळ गाडीला येतात त्या प्रकारचे नवे शॉक, केवायबीसारख्या कंपनीचे. कमी दाबाचा गॅस, दुहेरी नळी, बेताची किंमत. दोन, बिलस्टीन किंवा कोनी. बिलस्टीनच्या एकेरी नळीत उच्च दाबाचा गॅस आणि तेल यांच्यामध्ये तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे घाटात तेल तापून फेसाळत नाही. सुबारूने लेगसीच्या जीटी-बी मॉडेलला कारखान्यातूनच बिलस्टीन दिले होते, तेव्हा मोह जुना आहे. तीन, चांगले नवे कॉइलओव्हर आणि सर्टिफिकेट. तिसरीवर मी फुली मारली. दुसरी आजही मनात आहे. घेतली पहिली. पाच माणसं आणि सामान घेऊन चिपसीलवर फिरणाऱ्या, बाजारात जेमतेम तीन हजार डॉलर किमतीच्या गाडीला ती पुरे होती. दोन नव्हे, चारही बदलले. एका धुरीवरचे दोन्ही शॉक एकाच वेळी बदलायचे, हे तर किमान.

स्प्रिंग दाबून शॉकवर बसवायचं काम मात्र बाबांनी घरी करू दिलं नाही. आमच्याकडे आणलेल्या स्क्रूच्या कॉम्प्रेसरकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि म्हणाले, "याने दाबलेली स्प्रिंग सुटली तर तोंड राहत नाही." दापोडीत त्यांनी काय पाहिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही शॉक आणि स्प्रिंगा डिकीत घालून गॅरेजात नेल्या. मजुरी, माउंट, शॉक, नंतरची अलाइनमेंट धरून चौदाशे डॉलरच्या आसपास गेले. तीन हजारांच्या गाडीवर चौदाशे? हा प्रश्न घरी आला. त्याला उत्तर असं की शॉकला गाडीची किंमत माहीत नसते.

मग पहिल्यांदा चालवली तेव्हा खरं सांगायचं तर थोडी निराशा झाली. काहीच विशेष घडलं नाही. स्पीड हंपवरून उतरली आणि एकदाच बसली. ब्रेकला नाक खुपसलं नाही. वळणावर अजून जरा कलत होती. वर्षभर तशीच चालवली आणि मग २०२०मध्ये मागे थोडा जाड स्वे बार घातला, सरळ बोल्ट होणारा. कलणं बरंच कमी झालं, दणके वाढले नाहीत. एका वेळी एकच बदल, मग काही महिने थांबायचं. हे मात्र मी माझ्या धंद्यातून गाडीत नेलं, उलट नाही.

आता अल्टेझाबद्दल, कारण पोरगा तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मघापासून मोबाइल खाली ठेवून ऐकतोय. तुझी गाडी माझ्यापेक्षा चांगली आहे. पुढे-मागे डबल विशबोन आहेत, मागच्या चाकांना ताकद जाते, आणि म्हणूनच मागचे टायर आणि शॉक मेलेले असले तर ती माझ्या लेगसीपेक्षा लवकर फिरेल. दिसण्यासाठी खाली करायची आहे हे कारण मला समजतं. मी दूध आणताना मागे वळून बघायचो, मी कोण तुला हसणार? पण आधी एक दिवस ती जॅकवर घेऊ, मी येतो. बुश, बॉल जॉइंट, शॉक बघू. जे संपलंय ते बदलू. मग तुला खालीच आणायची असेल तर गाडीच्या मॉडेलसाठी बनवलेल्या, पंचवीस-तीस मिलिमीटर कमी उंचीच्या चांगल्या कंपनीच्या स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉक एकत्र घे, नंतर अलाइनमेंट कर आणि विमा कंपनीला ईमेल टाक. स्प्रिंग कापून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघ. आणि काकू, विरोध चालू ठेवा, पण पैसे घालायचेच असतील तर टायरला घाला.

बाबांनी शिकवलेली दाबून पाहण्याची चाचणी मघाशी काहींनी विचारली. गाडीचा कोपरा जोरात दाबायचा आणि सोडायचा. वर येऊन एकदा बसली तर ठीक, डुलत राहिली तर शॉक गेला. पण ही चाचणी फक्त मेलेला शॉक पकडते, अर्धमेला त्यातून सुटतो. त्यापेक्षा टायरवर हात फिरवा. शॉकच्या नळीवर ओलसर तेल आहे का पाहा. आणि रोजच्या वाटेवरचा तुम्हाला पाठ असलेला एक खड्डा निवडा, दर महिन्याला तो कसा लागतो ते लक्षात ठेवा.

आई-बाबा पुन्हा आले ते २५ए उघडल्यानंतर, २०२४च्या जानेवारीत. आम्ही त्याच गाडीने, त्याच रस्त्याने, तेवढ्याच सामानाने गेलो. मुलगा आता नऊ वर्षांचा, त्याला ते 'अगेन' आठवत नाही. नव्या पुलावर बाबांनी मला गाडी हळू करायला लावली, त्यांना पुलाचे सांधे कसे लागतात ते ऐकायचं होतं. ते वळण आलं तेव्हा मी आरशात पाहिलं. आई झोपली होती, मान खिडकीला टेकलेली, तोंड जरासं उघडं. ती तैरुआला पोचेपर्यंत उठली नाही.

बरं मंडळी, आतून खूण झालेली आहे, वडे तळून झाले. जेवणानंतर मी बाहेर पार्किंगमध्ये आहे. कुणाला आपल्या टायरवर हात फिरवून घ्यायचा असेल तर या, फक्त हात धुवायला साबण कुणीतरी आणा.